बाई थांबायच्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणीतल्या शिक्षकांबद्दल लिहून द्या, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर दुसरीच्या बाई उभ्या राहिल्या. आधीच सांगते, ‘प्रेमळ, मायाळू, जणू दुसरी आईच’ असं काही मला लिहिता येणार नाही. बाई बोलायच्या कमी आणि हसायच्या त्याहून कमी. तरीही शाळेच्या नावाने सकाळी पोटात दुखणारी मुलं त्यांच्या वर्गात रमायची. त्यातलीच मी एक.

मी अडखळत बोलायचे. पहिल्या अक्षरावरच जीभ अडायची आणि समोरचे मोठे लोक दयेपोटी माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. ‘सावकाश बोल, श्वास घे’ हा सल्लाही ठरलेला. त्याने सगळं लक्ष आपल्या बोलण्याकडेच जातं आणि जीभ आणखी अडते, हे सांगणाऱ्याला कुठून कळणार! बाईंनी यातलं काहीच केलं नाही. प्रश्न विचारायच्या आणि माझ्याकडे बघत थांबायच्या. चेहऱ्यावर घाई नसे, कीवही नसे. उत्तर बाहेर पडलं की त्या उत्तराबद्दलच बोलायच्या. चुकलं असेल तर सरळ ‘चुकलं’ म्हणायच्या. मला त्याचंही बरं वाटायचं, कारण इतरांसारखं माझंही उत्तर नुसतं चुकलेलं असायचं.

धडा वाचायची वेळ आली की माझे हात गार पडत. बाईंच्या वर्गात मात्र सगळेच जोडीने वाचायचे, दोघं एका सुरात. दुसऱ्याच्या आवाजाला आवाज लागला की अडखळणारी जीभ बहुधा सुटते, गातानाही तसंच होतं, हे मला पुढे कळलं. बाईंना ते ठाऊक होतं की सहज सुचलं होतं, देव जाणे. पण एकट्या माझ्यासाठी वेगळी सोय केली असती, तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पुढे पुढे माझी जोडीदारीण ओळीच्या मध्येच गप्प व्हायला लागली (बाईंची खूण असणार!) आणि दोन-तीन ओळी मी एकटीच वाचून गेलेली असायचे.

गणिताच्या तासाचा एक प्रसंग अजून लख्ख आठवतो. एका मुलाने फळ्यावर ५२ वजा २७ बरोबर ३५ असं लिहिलं. वर्गात खसखस पिकली. बाईंनी उत्तर पुसलं नाही. म्हणाल्या, “कसं आलं ते सांग.” तो म्हणाला, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, हे त्याने आदल्या वर्षी पाठ केलेलं होतं आणि तेच इमानाने लावलं होतं. “बरं,” बाई म्हणाल्या, “आता काड्या घे.” दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. “यातल्या सात सुट्या मला दे.” त्याच्याकडे सुट्या दोनच. आमचा ‘बाई, मी सांगू? बाई, मी सांगू?’ असा गलका सुरू झाला. बाईंनी नुसता हात वर केला. शेवटी त्यानेच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. सात दिल्या, मग दोन गठ्ठे दिले. उरल्या पंचवीस. तो जागेवर गेल्यावर बाई आमच्याकडे वळल्या. “हसायला कोणाकोणाला आलं होतं? त्यांनी आता पुढे येऊन एकसष्टातून चौतीस काड्या देऊन दाखवा.” त्या वर्षी कोणाच्या उत्तराला हसायची आमची हौस तिथेच फिटली.

पुढे मीही प्राथमिक शिक्षिका झाले. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात केलेलं काम तेव्हा वाचनात आलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, असं तिला आढळलं होतं. ते ३ सेकंद किंवा थोडे जास्त थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असलेली मुलं तोंड उघडतात. मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबतात आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा, त्याचाच वेळ कापायचा! स्वतःचा तास मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकावा, मग समजतं.

निवृत्तीनंतर बाई एका कार्यक्रमात भेटल्या, तेव्हा मी हे सगळं त्यांना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, एकासाठी थांबायचं ते ठीक आहे. पण तोवर बाकीची पोरं काय करतात, ते लिहिलंय का त्यात?”

मला उत्तर देता येईना. बाई अर्थातच थांबल्या. मग त्यांनीच सांगितलं, “आधी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि पाटी पालथी ठेवायची. मग एकाला विचारायचं. विसरलीस?”

माझ्या वर्गात आता पाट्या नाहीत. वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर भागतं.