गीझर बंद असतानाही ईएलसीबी पडत होता, कारण सापडेपर्यंतचा माझा अनुभव

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, आमच्याकडे १५ लिटरचा स्टोरेज गीझर आहे, २००० वॅटचा. पावसाळ्यात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. गीझर लावला की चार-पाच मिनिटं सगळं ठीक आणि मग खटकन घरातली लाईट गुल, पंखे, फ्रिज, वायफाय सगळंच. आईच्या आंघोळीच्या वेळेलाच हे व्हायचं त्यामुळे रोज सकाळी घरात दंगा.

शेजारचे काका म्हणाले, "अरे एमसीबी कमजोर झालाय, ३२ चा टाकून घे." पण डीबीचं (घरातले सगळे एमसीबी असतात त्या डब्याचं) झाकण उघडून बघितलं तर गीझरचा २० अँपचा एमसीबी वरच होता, पडलेला होता तो त्याच्या बाजूचा रुंदवाला, ज्याच्यावर टेस्टचं बटण असतं आणि ३० एमए लिहिलेलं असतं. आपण सगळे त्याला ईएलसीबी म्हणतो, हल्ली जो बसवतात तो खरं तर आरसीसीबी. या दोघांची कामं वेगळी. एमसीबी पडतो जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर, आणि २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला जेमतेम ९ अँप घेतो म्हणजे लोडचा प्रश्नच नव्हता. ईएलसीबी बघतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, मध्ये कुठे अर्थला गळायला लागला की तो पडतो. म्हणजे ३२ चा टाकून काही झालं नसतं, उलट उद्या खरंच लोड वाढला तर आतली वायर तापत बसली असती.

मग डोकं खाणारा प्रकार सुरू झाला. गीझरचं बटण बंद, आणि बायकोने मिक्सर लावला तर ईएलसीबी पडला! घरात सगळ्यांचं एकमत झालं की गीझर बिचारा निर्दोष आहे, वायरिंगमध्येच घोळ आहे. मलाही पटत होतं, फक्त एक करून बघू म्हणून गीझरचा प्लग सॉकेटमधून बाहेरच काढून ठेवला, आणि मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं एकदम चालवलं तरी काही नाही. कारण नंतर कळलं. सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल गीझरला जोडलेलाच राहतो. आत न्यूट्रलच्या बाजूला लिकेज असेल तर मिक्सरचा परत येणारा थोडा करंट गीझरच्या बॉडीतून अर्थला निघून जातो, हिशोब चुकतो आणि ईएलसीबी पडतो. त्यामुळे शोधाशोध करताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

पहिला जो इलेक्ट्रिशियन आला त्याने कॉइलच्या दोन पिनांना मल्टीमीटर लावला, २६ ओहम आले, म्हणाला कॉइल ओके आहे साहेब, प्लगमधली अर्थिंग काढून टाकू, परत पडणार नाही. पडणार नाही हे बरोबरच आहे हो, पण मग गळणारा करंट बॉडीत आणि पाण्यात, आणि खाली ओल्या अंगाने माणूस उभा! त्याला चहा पाजून रवाना केला. असले सल्ले इतक्या सहज देतात ना लोक, भीती वाटते.

दुसरा मेगर घेऊन आला. त्याने पिन आणि बॉडीमध्ये ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजलं, रीडिंग एक मेगाओहमच्या बरंच खाली. मल्टीमीटरवाल्याने फक्त कॉइलची तार शाबूत आहे एवढंच बघितलं होतं, तार खरंच शाबूत होती, तिच्या भोवतीचं इन्सुलेशन गेलं होतं. प्लग काढून, पाणी बंद करून, टाकी रिकामी करून फ्लँजचे (कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे) नट खोलले तर आत पांढऱ्या क्षाराचे पापुद्रे, मूठभर तर नुसते खालीच साचलेले. कॉइलचा तांब्याचा पाईप वळणाजवळ तडकलेला, त्यातून आतल्या इन्सुलेशनच्या पावडरीत ओल गेलेली. अॅनोड रॉडची (टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या सळईची) तर नुसती मधली तार उरलेली. आमच्याकडे अर्धा वेळ टँकरचं पाणी, तेही बोअरवेलचं, जड, म्हणजे हे कधीतरी होणारच होतं.

नवीन कॉइल, नवीन अॅनोड आणि गॅस्केट टाकलं (जुनं गॅस्केट परत लावू देऊ नका, हमखास गळतं). प्लगची एक पिनही काळी पडली होती म्हणून प्लग टॉप बदलला. मग आधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरली, नळातून फसफस थांबून सलग धार यायला लागल्यावरच बटण दाबलं, कारण कोरड्या टाकीत कॉइल चालू केली तर नवीन पण जळते. थर्मोस्टॅटचा नॉब आता मधोमध ठेवलाय, पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो.

तेव्हापासून ईएलसीबी आपणहून पडलेला नाही. आता महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण मीच दाबतो, दाबल्यावर पडला पाहिजे, नाही पडला तर तो बदलायचा. गेल्या वेळी दाबला तेव्हा बायको मीटिंगमध्ये होती, वायफाय गेलं, त्यामुळे आता सांगून दाबतो.