‘नुसतं पाणी आहे’ म्हणून आलेलं सँपल

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पेशंट मला क्वचितच भेटतो, माझ्याकडे येतात त्या स्लाइड्स आणि सोबतचा फॉर्म. त्या दिवशी एका सिरिंजमध्ये थोडंसं पिवळट गढूळ पाणी आलं. फॉर्मवर लिहिलं होतं, छातीवरची सूज, पाणी काढलंय, इन्फेक्शन आहे का बघा, पूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. बस, एवढंच.

स्लाइड लावली तर इन्फेक्शनचं काहीच नाही. पू असता तर न्यूट्रोफिल्सचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, खच दिसला असता. इथे मोठमोठ्या पेशी, एकेकट्या सुट्या पडलेल्या, न्यूक्लियस वेडंवाकडं, काहींमध्ये चक्क घोड्याच्या नालेसारखं वळलेलं. अशा पेशंटच्या बाबतीत कुणाच्याही मनात आधी हेच येणार की जुना कॅन्सर परत आला. पण स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा एकमेकींना धरून, झुपक्यात असतात, आणि या तशा अजिबात नव्हत्या. मला राहवेना, मी थेट सर्जनना फोन लावला.

"सर, या पेशंटना इम्प्लांट आहे का?"

"हो, आहे ना, मॅस्टेक्टॉमीनंतर रिकन्स्ट्रक्शन केलेलं, नऊएक वर्षं झाली असतील. का हो मॅडम?" मॅस्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढून टाकणं, आणि रिकन्स्ट्रक्शन म्हणजे तो पुन्हा घडवणं, इथे आत इम्प्लांट म्हणजे कृत्रिम पिशवी बसवून.

"टेक्स्चर्ड की स्मूथ?" म्हणजे पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत.

"ते फाइल काढून बघावं लागेल."

"आणि पाणी पहिल्यांदाच काढलं का?"

"नाही, आधी दोनदा काढलंय. रेडिएशन झालेलं आहे, ती बाजू तशीही कडक आहे, त्यामुळे सीरोमा असेल असं वाटलं." सीरोमा म्हणजे ऑपरेशनच्या जागी साचणारं साधं पाणी.

ते आधीचं पाणी तपासायला कुठेच गेलं नव्हतं, टाकून दिलेलं. मला खूप वाईट वाटलं, कारण अशा केसमध्ये पहिल्यांदा काढलेलं भरपूर पाणीच सगळ्यात कामाचं असतं, निदान ५० मिली तरी हवं असतं, आणि पुन्हापुन्हा काढत गेलं की त्यातल्या पेशी कमी कमी होत जातात. आमच्याकडे जे थोडं आलं होतं त्याचाच सेल ब्लॉक केला, म्हणजे त्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवल्या, आणि मार्कर्स लावले, म्हणजे पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत ते ओळखणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्या. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत असतं ते सायटोकेरॅटिन निगेटिव्ह, म्हणजे जुना कॅन्सर नाही. सीडी३० मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीत ठळक पॉझिटिव्ह, आणि एएलके निगेटिव्ह, ही जोडी वेगळ्याच आजाराकडे बोट दाखवते. सर्जननी तोवर फाइल शोधून काढली होती, इम्प्लांट टेक्स्चर्ड होतं.

या आजाराला बीआयए-एएलसीएल म्हणतात, म्हणजे ब्रेस्ट इम्प्लांटशी जोडलेला अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. हा स्तनाचा कॅन्सर नाहीच, हा लिम्फोमा आहे, टी सेल्सचा, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा. कुठलंही इम्प्लांट बसवलं की शरीर त्याच्याभोवती एक पातळ आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, आणि हा आजार त्या कॅप्सूलमध्ये आणि आतल्या पाण्यात सुरू होतो. जवळजवळ सगळ्या केसेस खरखरीत पृष्ठभागाच्या, म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटशी जोडलेल्या आहेत. का होतो ते अजून पक्कं ठरलेलं नाही, वर्षानुवर्षं चालणारा दाह आणि प्रत्येकाची आनुवंशिक ठेवण यांचा हात असावा असं मानतात. साधारण आठ-दहा वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येते, कधी गाठ लागते, आणि तोपर्यंत पेशंटही इम्प्लांटचं विसरून गेलेली असते आणि डॉक्टरही बदललेले असतात.

हे काही काल-परवा कळलेलं नाही हो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच सावध केलं होतं, डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये हा वेगळा आजार म्हणून नोंदवला, २०१९ च्या जुलैमध्ये एका प्रकारची टेक्स्चर्ड इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली गेली आणि तेव्हा एफडीएकडे ५७३ केसेस आणि ३३ मृत्यूंची नोंद झालेली होती. आजार दुर्मिळ आहे हे खरंच, पण ज्या बाईला झाला तिला त्या दुर्मिळपणाचा काय उपयोग? आणि लवकर सापडला तर बरा होणारा आहे, म्हणून तर माझा जीव तुटतो.

रिपोर्ट गेल्यावर पेशंट स्वतः लॅबमध्ये आल्या, सोबत त्यांची मुलगी. मला भेटायचंच असं म्हणाल्या. खुर्चीवर बसल्या आणि सरळ विचारलं, "मॅडम, कॅन्सर झाला म्हणून स्तन काढला, आणि त्या जागी जे बसवलं त्याच्यामुळेच परत कॅन्सर? मग मी काय मिळवलं?"

यावर मी काय बोलणार. मी त्यांना एवढं सांगितलं की तुमचा पहिला कॅन्सर परत आलेला नाही, हा वेगळा आहे आणि याचा मुख्य इलाज ऑपरेशन आहे. मुलगी म्हणाली, "आईला तेव्हा हे कुणी सांगितलंच नव्हतं. इम्प्लांटचं कार्ड वगैरे काही दिलेलं पण नाही." २०२१ मध्ये एफडीएने इम्प्लांटवर ठळक धोक्याची सूचना आणि ऑपरेशनआधी पेशंटबरोबर बसून वाचायची चेकलिस्ट सक्तीची केली, पण यांचं ऑपरेशन त्याच्या खूप आधीचं. तरी माझं स्पष्ट मत आहे की चेकलिस्ट असो नसो, हे सांगायलाच हवं होतं. रिकन्स्ट्रक्शनचा निर्णय बाई घेते तो कॅन्सरच्या धक्क्यात घेते, समोर येईल त्या कागदावर सही करते, तेव्हा तिला कोण सांगतं की ही आयुष्यभराची वस्तू नाही, रेडिएशननंतर कॅप्सूल आवळून दुखू शकतं, इम्प्लांट आतल्या आत फुटू शकतं आणि सिलिकॉनचं असेल तर वरून कळतही नाही, म्हणून ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी एमआरआय नाहीतर सोनोग्राफी करायची असते. पोटाच्या त्वचेचा आणि चरबीचा फ्लॅप, म्हणजे तुकडा, घेऊनही स्तन करता येतो, किंवा काहीच न करता सपाट ठेवणं हाही तितकाच चांगला पर्याय आहे, हे तरी किती जणींना कळतं?

पेटस्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे काही नव्हतं. ऑपरेशनमध्ये इम्प्लांट आणि पूर्ण कॅप्सूल एकत्र, न फोडता काढलं. ते माझ्याकडेच आलं. नुसतं इम्प्लांट काढून चालत नाही यात, कॅप्सूल मागे राहिलं तर आजारही राहतो. मी त्या कॅप्सूलच्या सगळ्या बाजूंचे तुकडे घेतले, खूप वेळ लागला, पण एकही बाजू सोडायची नव्हती. त्या पेशी फक्त आतल्या अस्तरावर होत्या, कॅप्सूलमध्ये घुसलेल्या नव्हत्या, कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला आजार नव्हता. पहिलीच स्टेज. केमोची गरज पडली नाही, आता ठरावीक काळाने तपासणी. दुसरं इम्प्लांट नको असं त्यांनीच ठरवलं.

जाताना त्यांनी सर्जनना विचारलं होतं म्हणे, "तुम्ही माझ्यासारख्या बाकीच्या बायकांना कळवणार का?" त्या माणसाने ते मनावर घेतलं. जुन्या फाइल्स काढल्या, टेक्स्चर्ड ज्यांना बसवलंय त्यांची यादी करायला लागले, तर कितीतरी फाइल्समध्ये इम्प्लांटचा प्रकारच लिहिलेला नाही, स्टिकर गायब. फोन सुरू झालेत. काही नंबर लागत नाहीत. ज्यांचा लागतो त्यातल्या बऱ्याच जणी घाबरून पहिलं हेच विचारतात की आता काढून टाकू का, तर त्यांना सांगतोय की काही त्रास नसेल तर घाबरून काढायची गरज नाही, पण एका बाजूला सूज, गाठ, नवीन दुखणं किंवा काखेत गोळा असं काही जाणवलं तर लगेच या, आणि पाणी काढलं तर ते सीडी३० साठी लॅबला पाठवायला सांगा. दोघी जणी सूज आहे म्हणून सोनोग्राफीला येऊन गेल्या, एकीच्या पाण्याचं सँपल आमच्याकडे आलंय, यावेळी मोठ्या बाटलीत, आणि फॉर्मवर इम्प्लांटचं वर्ष आणि प्रकार दोन्ही लिहिलेलं आहे. मार्कर्स उद्या येतील.