ध्वजदिन निधीची चिल्लर

७ डिसेंबर होऊन दोन महिने झाले, तरी बँकेतला तो काउंटर आठवला की माझं डोकं तापतं.

छोटे ध्वज देऊन सैनिकांसाठी पैसे जमवायचे, त्या शाळेतल्या ध्वजदिन निधीचं काम यंदा माझ्याकडे होतं. ध्वजावरचे लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल, हवाईदल, हे मुलांना एकदा सांगितलं की पुढचं ती करतात. १९४९ पासून हा दिवस पाळतात. मुलं हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी गेली आणि दोन दिवसांत ध्वज संपले. एका मासळीवाल्या मावशींनी तर पत्र्याचा डबाच मुलांपुढे उपडा केला. "बाईंना सांगा, मोजत बसू नका, सगळं घ्या." त्यांचा मुलगा फौजेत आहे. मी रात्री मोजायला बसले तेव्हा दहाच्या एका नाण्याला माशाचं खवलं चिकटलेलं होतं. ते नखाने काढलं. त्या डब्यातलीच दहाची १३७ नाणी निघाली.

एकूण १८,४३०. त्यातली सव्वासहा हजारांची चिल्लर.

डिमांड ड्राफ्ट काढायला तालुक्याच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने पिशवी उघडूनही पाहिली नाही. "नाणी नको, नोटा करून आणा." मी म्हटलं, कुठून करू? "दुकानदाराला विचारा." वर मी बाहेर काढलेल्या दहाच्या दोन नाण्यांकडे बोट दाखवून, "ही वेगळी दिसतात, चालत नाहीत." मागे रांग होती. मी तोंडातून शब्द न काढता पिशवी उचलली. त्या गप्प बसण्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

दुकानात नोटा मिळाल्या असत्या, आमचा वाणी देतोही. पण लोकांनी सैनिकांसाठी दिलेला पैसा बँक नाकारते आणि मी तो गुपचूप बदलून आणते, हे मला पटेना. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ ला स्पष्ट सांगितलं आहे की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सगळे १४ नमुने चलनात आहेत. ते पत्रक छापून घेतलं. नाणी शंभर-शंभरची करून छोट्या पिशव्यांत बांधली. दुसऱ्या खेपेला काउंटरवर न जाता थेट शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर पत्रक ठेवलं आणि नकार लेखी मागितला. लेखी कुणी दिला नाही. वीस मिनिटांत पैसे मोजून झाले.

मग ड्राफ्ट चुकला. ज्याच्या नावे काढायचा ते नाव त्यांनी अर्धंच टाकलं होतं. रद्द करून नवा काढायला तिसरी खेप. म्हणून सांगते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून ते नाव आधीच लेखी घ्या आणि कागद काउंटरवर समोर धरा. आणखी एक, २०१८ पासून ड्राफ्टवर काढणाऱ्याचंही नाव छापून येतं. तिथे शाळेचं नाव यायला हवं हे फॉर्म भरतानाच पाहा, नाहीतर गावाचा पैसा एकट्या बाईच्या नावावर दिसतो.

रत्नागिरीला त्या कार्यालयातलं काम दहा मिनिटांचं होतं. तिथल्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी चहा दिला आणि सांगितलं की याच निधीतून सैनिकांच्या विधवांना, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत जाते. खडकीच्या पुनर्वसन केंद्रात कमरेखालचं शरीर निकामी झालेले जवान आहेत, त्यांनाही.

हो, करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख देऊ नका, सवलतीत ती धरत नाहीत. हे आमच्या एका पालकांना उशिरा कळलं.

पावती आली त्या दिवशी संध्याकाळी बंदरावर गेले. मावशींना ती वाचून दाखवली. त्यांनी हात पदराला पुसले, कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "आकडा परत सांगा बाई."

"अठरा हजार चारशे तीस."