स्वस्त तासात दोन्ही पंप लावण्याआधी

कोल्हापूरला पाणी देणारं शिंगणापूरचं पंपिंग केंद्र असो की बालिंग्याचं, नदीचं पाणी उचलून वर चढवायचं म्हटलं की विजेचं बिल त्या उचलण्यावरच ठरतं. १ घनमीटर पाणी ६० मीटर चढवायला हिशेबाने ०.१६ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर लाख लिटरला साधारण २३ युनिट. आपल्या केंद्रावर हा आकडा किती येतो, ते आधी काढा. एकेक पंप एकटा तासभर चालवायचा आणि फ्लोमीटर व वीजमीटर दोन्ही टिपायचे. वेअर रिंग (पंपातल्या फिरत्या चक्राभोवतीची कडी) झिजली असेल तर पाणी आतल्या आत सक्शनकडे परत फिरतं, आणि ते लॉगबुकातल्या नुसत्या अँपिअरवरून कळत नाही. चांगल्या पंपाला जास्त तास द्या, झिजलेला स्टँडबाय ठेवा.

आता दराचं. पूर्वी सवलत रात्री १० ते सकाळी ६ अशी होती, त्यामुळे रात्री टाकी भरायची सवय सगळीकडे पडली. २०२५ पासून महावितरणची सवलत दिवसाच्या सौर तासांकडे वळली आणि संध्याकाळ महाग झाली. जुनं वेळापत्रक भिंतीवर तसंच असेल तर उतरवा; चालू बिलावरचे टीओडीचे (वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे) तास बघून नवं करा.

पण स्वस्त तास दिसले म्हणून दोन्ही पंप एकदम लावू नका. समजा उंचीचा फरक ५० मीटर आहे आणि एका पंपावर पाईपमधलं घर्षण, उंचीच्या मापात, १० मीटर. दुसरा जोडला की पाणी दुप्पट येत नाही. ते १.६ पट झालं, तर त्याच रायझिंग मेनमधलं (पंपापासून टाकीपर्यंतच्या पाईपमधलं) घर्षण २४ मीटरवर जातं. एकूण हेड (उंची अधिक घर्षण) ६० चं ७४ होतं, म्हणजे लिटरमागे २३ टक्के जादा वीज. एकच पंप महाग तासात जास्त वेळ चालवण्यापेक्षा स्वस्त तासाचा दर १९ टक्क्यांहून जास्त कमी नसेल, तर दोन्ही लावून पैसे वाचत नाहीत. शिवाय मागणी आकार (एका वेळी घेतलेल्या कमाल विजेवरचा आकार) वाढतो तो वेगळाच. पाईप मोठा असेल तर हेच गणित उलटं येतं, म्हणून डिलिव्हरीचा प्रेशर गेज चालू हवा.

टाकीचा हिशेब: १० लाख लिटरची भरलेली टाकी, सकाळी ५ ते ९ ताशी ३ लाख लिटर वापर, तळाला २ लाख राखीव. चार तासांत ४ लाख आत यायला हवेत, म्हणजे ताशी १ लाखाचा एक पंप पुरतो. ९ नंतर सवलतीत टाकी भरायला घ्या, संध्याकाळच्या महाग तासांआधी ती काठोकाठ असू द्या. रात्री झोनचे व्हॉल्व्ह नीट बंद हवेत. उघडे राहिले तर वापर नसताना दाब चढतो आणि गळती वाढते.

पावसाळ्यात पंचगंगा चढली की स्थिर उंची घटते. पंप जास्त पाणी फेकतो, मोटरचे अँपिअर वाढू शकतात. मे महिन्यात बसवलेलं वेळापत्रक ऑगस्टमध्ये परत मोजा.