आमची वाटचाल: काट्यावरून नगावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सगळे मशीनशॉपवाले. तीन प्लाय म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा, तसाच पाच प्लाय, मशीनवर केलेल्या जड जॉबला सात प्लाय, एवढंच आमचं जग. आम्ही नवी खोकी उतरवायचो आणि त्याच शेडच्या मागं बाहेरून आलेल्या खोक्यांचा ढीग पडलेला असायचा. भंगारवाला यायचा, लाथ घालून खोकी चपटी करायचा, काट्यावर टाकायचा, विषय संपला. त्यातली निम्मी तरी धडधाकट असायची. पण खोकी विकणाऱ्यानं जुनी खोकी वापरा म्हणून सांगायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय, असं घरात सगळ्यांचं मत.

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक अडकून पडली. आमचे कागदाचे रोल वाटेत आणि गिऱ्हाइकाचा फोन, “दादा, कसलं का असंना, खोकं द्या.” तेव्हा पहिल्यांदा जुनी खोकी गोळा करून, निवडून, नगावर विकली. महामार्ग सुरू झाला तरी मागणी थांबली नाही.

काट्यावर गेलं की खोक्याची रद्दी होते, नगावर गेलं की तो माल असतो. शिवाय कागदाचा तंतू दर वेळी लगद्यात गेला की आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही. लगद्याला पाणी लागतं, जळण लागतं. म्हणून आमचा क्रम असा: आहे तसं वापरता येतंय का बघा, नाही तर कापून वापरा, आणि तेही जमेना तेव्हाच पेपर मिलला पाठवा.

खरी मेहनत निवडण्यात आहे. तारेच्या पिना काढाव्या लागतात, एक राहिली तरी पुठ्ठा चिरायच्या मशीनचं पातं जातं. जुना बारकोड खरवडावा लागतो, नाही तर कुरियरवाल्याचं मशीन भलताच पत्ता वाचतं. गंजरोधक तेल लागलेला पुठ्ठा आम्ही दारातच परत करतो. तो मिलही घेत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मालाला डाग पाडतो.

फाटक्या खोक्यांसाठी पुठ्ठा चिरायचं मशीन घेतलं. एका बाजूनं सपाट तुकडा घातला की दुसऱ्या बाजूनं जाळीदार, लवचिक गादी बाहेर येते. नमुना घेऊन चप्पलवाल्यांच्या सुभाषनगरला गेलो. तिथले एक जुने चप्पलवाले मामा हातात घेऊन म्हणाले, “आणि गिऱ्हाइकानं चप्पलबी जुनीच हाय म्हणलं तर?” प्रश्न रास्त होता. त्यावर तोड निघाली: बाहेरचं खोकं नवं, आतली भरती जुनी. आणि फायदा निघाला तो वेगळाच. कोल्हापुरी चप्पल झाडपाल्याच्या, सालीच्या अर्कानं कमावलेल्या कातड्याची. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बंद केली की घाम धरते, बुरशी येते. पुठ्ठा ओल शोषतो. आता मामाच दुसऱ्यांना आमचा नंबर देतात.

लाकडी पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीचं, काम त्यामानानं सरळ. ठेचलेली फळी बदलायची, खिळे ठोकायचे. फक्त लाकडातली कीड मारायला काय केलंय, तो शिक्का बघायचा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं लाकूड. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली; तसलं लाकूड आम्ही चुलीला म्हणून कुणालाही देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. प्रक्रिया न केलेल्या साध्या फळीनं दुरुस्त केलेलं पॅलेट निर्यातीला पाठवायचं तर पुन्हा प्रक्रिया आणि नवा शिक्का लागतो, त्यामुळं आमची पॅलेट देशातच फिरतात.

थर्माकोल मात्र आम्हाला परवडलेला नाही. त्यात जवळजवळ सगळी हवाच. टेम्पो भरून आणला तरी काट्यावर काही उठत नाही. अखंड साचे निघाले तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाले घेऊन जातात, तेवढंच.

सध्या डोकं खातेय ती चिकटपट्टी. प्लास्टिकची पट्टी लगद्यात अडथळा करते, म्हणून पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी आणली. खोक्याला अशी बसते की सोलताना पुठ्ठाच उलतो. पण जुलैतल्या कोल्हापुरी हवेत रोल जागच्या जागी स्वतःलाच चिकटून बसतो. तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकची, बाकी वर्षभर कागदाची, असं चाललंय.