दगड झिजला, पण…

पीएचडीचं तिसरं वर्ष (विषय: मातीत बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची, भुकटी मिसळून हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणं) आणि आजचा अख्खा दिवस थेंब मोजण्यात गेला. मातीने भरलेल्या नळ्यांतून झिरपलेलं पाणी घ्यायचं, त्यात आम्ल सोडत राहायचं, पीएच ४.५ च्या आसपास आला की थांबायचं. किती आम्ल लागलं त्यावरून बायकार्बोनेटचा अंदाज येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून बेसॉल्टच्या भुकटीला झिजवतो, बायकार्बोनेट होतो, नदीवाटे समुद्रात जातो आणि हजारो वर्षं तिथेच राहतो. कागदावर किती सोपं!

आज भुकटी घातलेल्या आणि न घातलेल्या नळ्यांत फरकच दिसेना. पोटात गोळा आला. मग दगड झिजताना पाण्यात सुटणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आकडे पाहिले, तर ते चांगलेच वाढलेले. म्हणजे दगड झिजलाय, पण बहुधा नत्रखतातून तयार झालेल्या नायट्रिक आम्लाने. तसं असेल तर मातीची आम्लता उतरली, पण कार्बनच्या खात्यात जवळपास शून्य. (शेतकरी म्हणेल, मग बिघडलं काय? खरंय त्याचं.)

उद्या नायट्रेट मोजायचंय. नखांतली काळी भुकटी मात्र तीनदा हात धुऊनही जात नाहीये.