फाट्यावरच्या लिंबाखाली

टोकियोत कुणाला भेटायचं ठरलं की निरोप येतो, "सहाला, हाचिकोपाशी." शिबुया स्टेशनच्या एका दाराला हाचिकोचंच नाव आहे. बाहेर पडलं की समोर चौथऱ्यावर कांस्याचं कुत्रं बसलेलं दिसतं, डावा कान जरासा पडलेला. भोवती माणसांचा नुसता पूर असतो आणि त्या पुरात ते एकटंच हलत नाही.

मागच्या शुक्रवारी मित्राला यायला उशीर झाला. बारीक पाऊस होता. पाऊण तास मी तिथेच छत्री धरून उभा होतो. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, कुत्र्याच्या पुढच्या पंजावर हात ठेवला, जरासे वाकले आणि काही न बोलता स्टेशनात निघून गेले. आमचे आबा खंडोबाच्या पायरीला हात लावून कपाळाशी न्यायचे, अगदी तसंच वाटलं मला ते. मग मित्र येईपर्यंत शिबुया कुठलं आणि काय, मी आमच्या फाट्यावर जाऊन बसलो होतो.

हाचिकोची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. पण तिच्यातलं बरंचसं मला इथे आल्यावरच कळलं, म्हणून सांगतो. त्याचे धनी हिदेसाबुरो उएनो हे टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात शेतीचे प्राध्यापक होते. जमीन सपाट करणं, पाट काढणं, साचलेल्या पाण्याचा निचरा करणं हा त्यांचा विषय. पाण्याच्या वाटेकडे डोळे लावून जन्म काढलेल्या आमच्या भागातल्या माणसाला असा मास्तर लगेच आपला वाटतो. १९२३ च्या नोव्हेंबरात उत्तरेकडच्या अकिता भागात पिल्लू जन्मलं, जानेवारी १९२४ मध्ये आगगाडीनं टोकियोला आलं. त्याचं नाव हाची, म्हणजे आठ. मागचं 'को' लोकांनी नंतर मायेनं आणि मानानं जोडलेलं, आपण 'राव' जोडतो तसं. संध्याकाळी प्राध्यापकांना घ्यायला हाची स्टेशनवर जायचा. २१ मे १९२५ रोजी ते विद्यापीठातच कोसळले आणि गेले. ८ मार्च १९३५ ला स्वतः मरेपर्यंत हाची त्या स्टेशनवर येत राहिला. जेमतेम सोळा महिन्यांची सोबत आणि पावणेदहा वर्षांची वाट.

या वाट बघण्याचं कौतुक सगळे करतात, पण ती कशी गेली ते फारसं कुणी सांगत नाही. प्राध्यापकांच्या सोबतीण याएको यांच्याशी त्यांचं कागदोपत्री लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे ते गेल्यावर बाईंना घर सोडावं लागलं आणि हाची या घरातून त्या घरात फिरत राहिला. शेवटी प्राध्यापकांच्या जुन्या माळ्यानं त्याला सांभाळलं. स्टेशनवरही त्याला कुणी हार घालत नव्हतं. हाकलायचे, मारायचे, पोरं त्याच्या तोंडावर शाईनं मिशा काढायची. १९३२ साली वर्तमानपत्रात त्याची हकीकत छापून आली, तेव्हा कुठे लोकांची नजर बदलली. १९३४ मध्ये पुतळा उभा राहिला तेव्हा तो स्वतः हजर होता. पुढे युद्धात धातू हवा म्हणून तो पुतळा वितळवला. आज दिसतो तो १९४८ चा, पहिल्या शिल्पकाराच्या मुलानं केलेला.

तो मालकासाठी नाही, स्टेशनबाहेरच्या याकितोरीच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांसाठी यायचा, असंही म्हणणारे आहेत. मेल्यावर त्याच्या पोटात याकितोरीच्या काड्या सापडल्या, हे खरं आहे. पण मला त्यानं काही कमी वाटत नाही. आमच्या वाघ्याबद्दलही गावात एकजण असंच म्हणाला होता, भाकरीसाठी राहतंय म्हणून. आबांनी चिलीम बाजूला ठेवली आणि म्हणाले, "भाकर तर हरेक दारी हाय की. मग ते माझ्याच दारी कशाला बसतंय?"

वाघ्या माळेगावच्या जत्रेतला. लातूर-नांदेड रस्त्यावरचं हे लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाचं. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, काय काय येतं तिथल्या बाजारात. मी पाच वर्षांचा होतो. आबांनी मला खांद्यावर घेतलं होतं ते घोडे दाखवायला. पण एका म्हाताऱ्याच्या घोंगडीवर तीन पिल्लं झोपलेली दिसली आणि आबा तिथेच खाली बसले. लांबोडकं तोंड, आत गेलेलं पोट, कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे केस. आमच्याकडे याला पश्मी म्हणतात. अंगावर केस आखूड असले की कारवानी. दोन्ही सशामागं वाऱ्यासारखी पळणारी जात. उपरण्याखाली बोटं दाबून सौदा झाला. किती पैसे दिले ते आबांनी आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

खंडोबाच्या दारचं म्हणून नाव वाघ्या. खंडोबाच्या मूर्तीपाशी कुत्रं असतंच, आणि देवाला वाहिलेले वाघ्ये तर स्वतःला त्याचं कुत्रं म्हणवून घेतात, कोटंब्यात वाढलेलं खातात. आबा म्हणायचे, देवाच्या पायाशी बसायला मिळावं म्हणून माणूस कुत्रं व्हायला तयार असतो, हे तर जन्मतःच तिथलं आहे.

माळेगावची जत्रा भरली की पाठोपाठ आमची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येते. सगळं गाव शेतात. गव्हाच्या-ज्वारीच्या उभ्या रानात कडब्याची खोप, पांडवांची पूजा, आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे. एवढंसं पिल्लू आलं त्याच येळवशीला आंबिलीच्या बिंदगीत तोंड घालून बसलं. आजी धावली ती मारायला नाही, तर तोंड पुसायला. नामदेव महाराजांची गोष्ट तिच्या जिभेवर असायची. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, "देवा, कोरडी खाऊ नका" म्हणत. नरसीचे नामदेव म्हणजे आपल्याच मराठवाड्यातले, तेव्हा आपल्या दारी तरी कुत्र्याला कोरडी भाकर पडू नये, हा तिचा नेम. दूध नसलं तर ताक, ताक नसलं तर वरणाचं पाणी. पण कोरडी नाही.

वाघ्या आबांचा झाला. आमच्यात खेळायचा, पण आबा उठले की तोही उठायचा. आबा महिन्यातून दोनदा-तीनदा औशाला नाहीतर लातूरला जायचे. वाघ्या त्यांना फाट्यापर्यंत सोडायचा. येष्टी धुरळा उडवत निघून गेली की फाट्यावरच्या लिंबाखाली पसरायचा, पुढच्या पायांवर तोंड ठेवून. दिवसभरात चार-पाच गाड्या थांबायच्या. प्रत्येक गाडीला तो उठायचा, उतरणाऱ्यांकडे बघायचा, पुन्हा बसायचा. मला एकदा त्याला घरी आणायला पाठवलं. मी गळ्यातला दोर धरून ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. उठला नाही. तिथून जाणारी एक म्हातारी म्हणाली, "कुठं नेलालास रे त्याला? मालक आल्याबिगर ते येत नसतंय." मीही मग लिंबाखाली बसलो. दिवस बुडताना गाडी आली, आबांचा पांढरा पटका दारात दिसला आणि वाघ्यानं जी झेप घेतली, ती मला अजून दिसते. अंगावर नाही घेतली. आबांच्या भोवती रिंगण घातलं, एक, दोन, तीन, आणि मग घराच्या वाटेनं पुढं पळत सुटला, धनी आला हे गावाला सांगत.

१९९३ चा सप्टेंबर. गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपलं होतं. रानात कोठ्यावर, म्हणजे गोठ्यात, गाय विणार होती, म्हणून आई, माझे वडील बाप्पा आणि मी तिकडे गेलो होतो. आबा आणि आजी गावात, घरी. ३० तारखेची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून दगडांची गाडी गेल्यासारखा. आमचं घर माळवदाचं, दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर वर्षानुवर्षं चढवलेली माती. उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार म्हणून ज्या घरांचं कौतुक व्हायचं, तीच झोपेतल्या माणसांवर बसली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत त्या पहाटे हजारो माणसं गेली. आमच्या घरची दोन.

कुत्री आदल्या रात्री रडत होती, असं गावात आजही सांगतात. मी रानात झोपलो होतो, मी ते ऐकलेलं नाही.

वाघ्या ओट्यावर झोपायचा, म्हणून वाचला. बाप्पा गावात पोचले तेव्हा तो ढिगाऱ्यावर होता. नेमका माजघराच्या जागी. पुढच्या पंजांची कातडी सोललेली. तो भुंकत नव्हता, उकरत होता आणि मधूनच थांबून कान लावत होता. गल्ली कुठली, घर कुठलं हे माणसांना ओळखू येत नव्हतं अशा वेळी बाप्पांनी घराची जागा ओळखली ती वाघ्यावरून. नंतर जवान आले, पाऊस आला, चिखलात सगळं आणखी अवघड झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आणि आजी सापडले, तिथेच. एका जवानानं वाघ्याला उचलून बाजूला नेलं, तेव्हा तो त्याला चावला नाही, पण त्याच्या छातीशी धरलेला असतानाही मान वळवून तिकडेच बघत होता. हे मला बाप्पांनी सांगितलं, ते सुद्धा एकदाच.

मग पत्र्याच्या शेडमधली वर्षं. मग नवं गाव, दोन-अडीच कोसावर, सरळ रस्ते, एकसारखी घरं, हलकी छतं. माणसं हळूहळू तिकडची झाली. वाघ्या झाला नाही. नव्या घरी रात्रीपुरता यायचा आणि उजाडायच्या आत जुन्या गावी जायचा. तिथे आता बाभळी वाढत होत्या. तो एक तर आमच्या घराच्या दगडांवर असायचा, नाहीतर जुन्या फाट्यावरच्या लिंबाखाली. येष्टीचा थांबाही नव्या गावाकडे गेला होता. जुन्या फाट्यावर गाडी थांबत नव्हती, नुसती समोरून जायची. तरी तो उठायचा. शाळा सुटली की मी सायकलवर भाकर घेऊन जायचो. आई फडक्यात भाकर बांधताना डब्यात ताक भरून द्यायची आणि रोज तेच सांगायची, "कोरडी टाकू नको रं. तुझी आजी बघतीय."

एवढ्या वर्षांत एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. आबांना ढिगाऱ्यातून काढताना वाघ्यानं बघितलं होतं. हुंगलं होतं. मग तो फाट्यावर कुणाची वाट बघत होता? हाचिकोनं तरी प्राध्यापकांना जाताना पाहिलं नव्हतं. वाघ्यानं पाहिलं होतं, तरी तो येष्टीला उठत होता. मला वाटतं, त्याला कळलं नव्हतं असं नाही. आबा गेले हे त्याला माहीत होतं आणि त्यांना आणायला जाणं हे त्याचं काम होतं, या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या होत्या. माझं हे म्हणणं कुणाला पटेल न पटेल, पण मी त्याच्या शेजारी तीन वर्षं बसलोय.

१९९७ च्या उन्हाळ्यात तो लिंबाखालीच गेला. बाप्पांनी बैलगाडीत घालून रानात आणला आणि विहिरीच्या वरच्या बांधाला पुरला. वर आमच्या जुन्या घराच्या चौकटीखालचा दगड ठेवला. दगडावर काही लिहिलेलं नाही. येळवशीला शेतात आंबील शिंपडत फिरताना आई तिथे एक उंडा ठेवते, भज्जीत बुडवून.

इथे टोकियोत भटकं कुत्रं दिसतच नाही. कुत्र्यांची पालिकेत नोंद, दरवर्षी रेबीजची लस, पावसात अंगावर रेनकोट, म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवायला बाबागाडीसारखी गाडी. पहिल्यांदा ती गाडी पाहिली तेव्हा मी आत बाळ बघायला वाकलो होतो. हे सगळं मला मनापासून आवडतं आणि आपल्याकडच्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला निदान लस तरी मिळावी असं फार वाटतं. पण पहाटे पाचला स्टेशनवर चालत जाताना कुणी सोबतीला येत नाही, कोपऱ्यापर्यंत पोचवून परत फिरत नाही. पहिल्या वर्षी हे फार जड गेलं.

टोकियो विद्यापीठाच्या शेती विभागाच्या आवारात हाचिकोचा आणखी एक पुतळा आहे. तो गेला त्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, २०१५ च्या ८ मार्चला बसवलेला. त्यात प्राध्यापक परत आलेले आहेत आणि हाची त्यांच्या अंगावर झेपावलाय, दोन पायांवर, शेपूट उडालेली. पुढच्या वर्षी आओयामाच्या दफनभूमीत याएकोबाईंच्या अस्थीही प्राध्यापकांच्या शेजारी ठेवल्या. हाचिकोचं छोटंसं देऊळ तिथेच बाजूला आहे. शिबुयाचा पुतळा बघून माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. या दुसऱ्यासमोर मात्र मी उभा राहू शकलो नाही. माझ्या मनात ते रिंगण सुरू झालं, एक, दोन, तीन.

घरी आता काळू आहे. पश्मी-बिश्मी नाही, साधं गावठी, पावसात भिजत दाराशी आलेलं. मी गावी गेलो होतो तेव्हा महिनाभर माझ्या खाटेखाली झोपला आणि निघताना फाट्यापर्यंत आला. इथे आल्यावर रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला की मी त्यालाही हाक मारायचो, "काळू, ए काळू!" तो कान टवकारायचा, फोनच्या मागं जाऊन बघायचा. आम्ही दोघंही हसायचो.

दोनेक महिन्यांपूर्वी आई म्हणाली, "फोनवर त्याला हाक मारत जाऊ नको रं."

"का गं?"

"तू हाक मारलास की जातंय ते फाट्यावर. दिवस बुडंपर्यंत येतच नाही. काल मी भाकर घेऊन गेलते तिथं."

आता रविवारी फोन लावला की काळू मागं खाटेपाशी बसलेला दिसतो. मी हळू आवाजात बोलतो. येळवशीचं तिकीट काढलंय, तोवर त्याचं नाव घेत नाही.